दोन याद्यांमधला फरक एक्सेलमध्ये कसा शोधायचा: सोसायटी, डेअरी आणि कार्यालयात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

मार्चअखेर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बहुतेक कृषी पत्तीन (म्हणजे पतपुरवठा) सोसायट्यांत एकच अडचण उभी राहते. सॉफ्टवेअरमधून काढलेली सभासद यादी एक सांगते आणि वर्षभर हाताने दुरुस्त करत आणलेली एक्सेल फाईल दुसरंच सांगते. समजा जुन्या यादीत ७१२ सभासद आहेत, शेअर भांडवल ८,६४,५००. नव्या यादीत ७१८ सभासद, शेअर भांडवल ८,६९,०००. सहा माणसं आणि साडेचार हजार रुपये, एवढाच फरक दिसतो. पण आत पाच नावं कमी झालेली, अकरा वाढलेली आणि काहींच्या रकमा बदललेल्या असू शकतात. डोळ्यांनी ओळ-ओळ लावून पाहणारा माणूस शंभराव्या ओळीनंतर थकतो आणि नेमकी तिथूनच चूक निसटते.

खालची पद्धत सभासद यादीवर बेतली आहे. दूध डेअरीचा पंधरवडा, ऊसबिल, शाळेची पटसंख्या, बचत गटाची कर्जयादी, सगळीकडे ती तशीच चालते.

एक सूचना आधीच वाचून घ्या. या लेखात सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत, पण एक्सेलमध्ये टंकताना फंक्शनचं नाव, रकान्याचं अक्षर आणि आकडे हे तिन्ही इंग्रजीतच टंकायचे. बरोबरचं चिन्ह देऊन पहिली दोन-तीन अक्षरं टंकली की खाली फंक्शनची यादी उघडते, त्यातून निवडलं तर स्पेलिंग चुकत नाही. दुसऱ्या शीटचं नाव हाताने टंकू नका. सूत्र लिहिता लिहिता त्या शीटवर जाऊन रकाना निवडा, नाव आणि अवतरणचिन्हं एक्सेल स्वतः घालतं.

आधी प्रती काढा

मूळ फाईलींना हात लावायचा नाही. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल बऱ्याचदा थेट फोनमध्येच उघडून त्यात बदल होतात, मग मूळ कोणती हेच कळत नाही. दोन्ही फाईली संगणकावर उतरवा, नावात तारीख घाला आणि बाजूला ठेवा. मग एक कोरी वर्कबुक उघडून दोन्ही याद्या त्यात आणा. शीटच्या नावावर उजवी क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, खालच्या क्रिएट अ कॉपी या चौकटीत खूण. एका शीटला ‘जुनी’ आणि दुसऱ्याला ‘नवी’ असं नाव द्या.

आणण्याआधी दोन्हींतले फिल्टर काढा. फिल्टर लावलेला असताना ओळी निवडून कॉपी केल्या तर फक्त दिसणाऱ्याच येतात, आणि ‘गायब’ झालेले चाळीस सभासद मुळात फिल्टरमागे लपलेले असतात. एकत्र केलेले सेल म्हणजे मर्ज सेल मोडा. ‘एकूण’ लिहिलेल्या ओळी, पानापानाच्या शेवटी आलेल्या बेरजा, मध्येच पुन्हा छापलेली शीर्षकं काढून टाका. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आणि दुसऱ्या ओळीपासून सभासद, मध्ये एकही रिकामी ओळ नाही, अशी मांडणी हवी. दोन्ही शीटवर रकान्यांचा क्रमही सारखा करा: ए मध्ये सभासद क्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये गाव, डी मध्ये शेअर रक्कम, ई मध्ये सभासद झाल्याची तारीख, एफ मध्ये सर्व्हे नंबर.

यादी सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) मिळाली असेल तर तिच्यावर डबल क्लिक करून उघडू नका. तसं केलं की ०२१४ चं २१४ होतं आणि मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही घ्या, फाईल ओरिजिन मध्ये यूटीएफ-८ निवडा आणि ट्रान्सफॉर्म डेटा दाबून क्रमांकांचे रकाने टेक्स्ट म्हणून आणा.

नावावरून जुळवू नका

सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत मोठा आहे. एका यादीतला माणूस दुसऱ्या यादीतला तोच माणूस आहे, हे एक्सेलला कशावरून सांगायचं? नवशिक्या माणूस नाव घेतो. आपल्या भागात नाव घेतलं की काम फसलंच म्हणून समजा.

एकच सभासद मराठी यादीत ‘यल्लाप्पा’ असतो, कन्नडवरून आलेल्या यादीत ‘यल्लप्पा’ होतो, तर कुणी ‘एल्लाप्पा’ लिहितं. परशराम आणि परशुराम एकच, मारुती आणि मारुति एकच. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एक्सेलच्या लेखी हे सगळे वेगवेगळे. उलट एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन सभासद असणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि एक्सेल त्या तिघांना एकच समजतं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते.

गावाचं नाव तर त्याहून फसवं. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी बी.के. एकच गाव, पण कंग्राळी खुर्द म्हणजेच के.एच. वेगळं. बी.के. आणि के.एच. गाळून नुसतं ‘कंग्राळी’ लिहिलेलं असेल तर कोणतं ते कळायला मार्ग नाही. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या नोंदींत एक आणि नव्या नोंदींत दुसरं नाव सापडतं. निपाणी कुठे निप्पाणी होते, येळ्ळूर कुठे यळ्ळूर.

तेव्हा ओळख पटवायला सभासद क्रमांक घ्या. डेअरीत उत्पादक क्रमांक, कारखान्याच्या यादीत शेतकरी कोड, शाळेत रजिस्टर नंबर. तो नसेल तर खाते क्रमांक. तोही नसेल तर दोन-तीन गोष्टी जोडून एक खूण तयार करा, उदाहरणार्थ गाव, सर्व्हे नंबर आणि जन्मवर्ष, मध्ये उभी रेघ देऊन. रेघ सोडू नका. रेघ नसेल तर १२ आणि ३४ जोडूनही १२३४ होतं, १ आणि २३४ जोडूनही तेच.

खुणेचा रकाना साफ करणं

दोन्ही शीटवर जी रकान्याला ‘खूण’ नाव द्या आणि जी२ मध्ये हे सूत्र लिहा:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," "))

ट्रिम आधीची-नंतरची मोकळी जागा काढतं आणि मधल्या दोन-तीन जागांची एक करतं. पण वेब पानावरून किंवा सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधून आलेल्या मजकुरात एक वेगळीच मोकळी जागा असते, तिचा क्रमांक १६०. डोळ्यांना ती नेहमीच्या जागेसारखीच दिसते आणि ट्रिमला काढता येत नाही, म्हणून आधी सबस्टिट्यूट. या सूत्राने आणखी एक काम होतं: उत्तर नेहमी मजकूर म्हणून येतं. एका यादीत २१४ हा आकडा आणि दुसरीत २१४ हा मजकूर असेल तर एक्सेल त्यांना जुळवत नाही, तो पेच इथेच सुटतो.

एका यादीत ०२१४ आणि दुसरीत २१४ असेल तर दोन्हींकडे सारखी अंकसंख्या करा:

=टेक्स्ट(व्हॅल्यू(ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," "))),"०००००")

उत्तराऐवजी सेलमध्ये सूत्रच जसंच्या तसं दिसत राहिलं तर तो रकाना टेक्स्ट स्वरूपात आहे. जनरल करा, सेलवर एफ२ दाबून एंटर द्या. सूत्र खाली ओढून झालं की शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं का ते कंट्रोल आणि खालचा बाण दाबून पाहा. मध्येच एखादा सेल रिकामा असेल तर डबल क्लिकने भरलेलं सूत्र तिथेच थांबलेलं असू शकतं.

जुळायला हवेत असे दोन सेल जुळत नसतील तर दोन्हींवर लेन हे अक्षरं मोजणारं फंक्शन लावा. =लेन(ए२) एकीकडे ३ सांगतं आणि दुसरीकडे ४, तर एक अक्षर लपलेलं आहे हे नक्की.

मराठी मजकुरात लपलेली अक्षरं जास्त सापडतात. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टंकता येतं: एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखे, एक्सेलसाठी भिन्न. हा जोडक म्हणजे युनिकॅर(८२०५), त्याचा भाऊ युनिकॅर(८२०४). दोन्ही सबस्टिट्यूटने काढून (नव्या मजकुराच्या जागी नुसती दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही) आणि ऱ च्या जागी साधा र घालून तुलना करता येते, पण फक्त तुलनेच्या रकान्यात. मूळ नावातून काढलं तर जोडाक्षर बिघडतं.

जुन्या फायलींत फाँटचा त्रासही असतो. श्रीलिपी किंवा जुन्या नुडीत टंकलेला सेल मराठी-कन्नड दिसतो, पण त्याचा फाँट बदलून एरियल केला की आतली इंग्रजी अक्षरं आणि खुणा उघड्या पडतात. असा रकाना युनिकोड नावांशी कधीच जुळणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. देवनागरी आकडे, कन्नड आकडे आणि इंग्रजी आकडे एकाच रकान्यात मिसळले असतील तर तेही आधी एकाच पद्धतीत आणा.

सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि तारखा

पैशांच्या आकड्यांपेक्षा या तीन रकान्यांत घोळ जास्त होतो.

सर्व्हे नंबर ११/३ असा टंकला की एक्सेल त्याची ११ मार्च ही तारीख करून टाकतं. ४५/२ मात्र तसाच राहतो, कारण ४५ तारीख नसते. त्यामुळे एकाच रकान्यात अर्धे नंबर शाबूत आणि अर्धे तारखा झालेले सापडतात. अशा सेलचं स्वरूप नंतर टेक्स्ट केलं तरी मूळ नंबर परत येत नाही, पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला एक आकडा दिसतो. उपाय एकच: डेटा आणण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा. जे बिघडले ते उताऱ्यावरून पुन्हा टंकायचे.

कर्नाटकच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर बऱ्याचदा मध्ये तारांकन घेऊन येतो, जसं ४५/*/२. सूत्रात तारांकनाचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’ असा होतो. म्हणून मॅच किंवा काउंटिफ मध्ये ४५/*/२ शोधलं की ४५/अ/२ सुद्धा सापडल्याचं सांगितलं जातं. सर्व्हे नंबर खुणेत वापरणार असाल तर तारांकनाच्या जागी आडवी रेघ घाला: =सबस्टिट्यूट(एफ२,"*","-"). फाइंड अँड रिप्लेसने करायचं असेल तर शोधायच्या चौकटीत तारांकनाआधी लाटेसारखं टिल्ड चिन्ह द्यावं लागतं. नुसतं तारांकन दिलं तर सेलमधला सगळाच मजकूर बदलून जातो.

क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिताना दशांशचिन्ह वापरण्याची सवय सगळीकडे आहे. २ एकर १० गुंठे म्हणजे २.१०. एक्सेल शेवटचं शून्य गाळतं आणि २.१ ठेवतं. आता २ एकर १ गुंठा कुणी २.१ लिहिलं असेल तर दोन्ही सारखेच झाले, आणि ९ गुंठ्यांचा फरक तुलनेत दिसणारच नाही. असे रकाने थेट बेरजेतही घेता येत नाहीत, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो, १०० चा नव्हे. एकर एका रकान्यात, गुंठे दुसऱ्या रकान्यात ठेवा आणि तुलना एकूण गुंठ्यांवर करा: एकर गुणिले ४० अधिक गुंठे. २ एकर १० गुंठ्यांचे ९० आणि २ एकर १ गुंठ्याचे ८१.

तारखांचा पेच वेगळा. ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या रीजन सेटिंगवर ठरतं. सेटिंग इंग्लिश युनायटेड स्टेट्स असेल तर महिना आधी धरला जातो, आणि १३/०४/२०२४ सारखी तारीख तारीख न होता मजकूर म्हणून पडून राहते. विंडोजमध्ये रीजन इंग्लिश इंडिया करून मगच फाईल आणा. मग एका मोकळ्या रकान्यात =आयएसनंबर(ई२) लावा. जिथे फॉल्स आलं ती तारीख खरी तारीख नाही. एक्सेल तारखा आकड्यांच्या रूपात साठवतं, १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. हा आकडा कुठे अचानक दिसला तर घाबरू नका, सेलचं स्वरूप तारखेचं करा.

दुबार नोंदी आधी शोधा

जुळवणी सुरू करण्याआधी प्रत्येक यादीत खूण एकदाच आली आहे याची खात्री हवी. एच२ मध्ये:

=काउंटिफ($जी$२:$जी$८००,जी२)

१ पेक्षा मोठं उत्तर आलं की तो क्रमांक दुबार आहे. हे आधी मिटवायलाच हवं, कारण पुढची सूत्रं पहिली नोंद घेतात आणि थांबतात, दुसरी नोंद कधी दिसतच नाही. मयत सभासदाचा क्रमांक वारसाला देताना जुनी ओळ काढायची राहून जाणं, हे दुबार क्रमांकाचं नेहमीचं कारण.

बँक खाते क्रमांकावर मात्र काउंटिफ वापरू नका. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून आला तर शेवटचा अंक शून्य होतो. मजकूर म्हणून नीट ठेवला तरी काउंटिफ मोजताना त्याला आकडाच समजतं आणि शेवटच्या अंकात फरक असलेली दोन खाती एक मानतं. त्याऐवजी =सम्प्रॉडक्ट(--($जी$२:$जी$८००=जी२)) लिहा, ते अक्षरन् अक्षर पाहतं.

खरी तुलना

एच रकान्याचं काम झालं, तो पुसून त्याच जागी आता जुळणारी ओळ शोधा. ‘जुनी’ शीटवर एच२ मध्ये:

=मॅच(जी२,'नवी'!$जी$२:$जी$८००,०)

शेवटचं शून्य म्हणजे तंतोतंत जुळणी. ते विसरलं तर एक्सेल अंदाजे जुळणारी ओळ देतं आणि उत्तर बरोबर असल्यासारखं दिसतं. व्हीलुकअप (तक्त्यात शोधून त्याच ओळीतला दुसरा रकाना आणणारं फंक्शन) वापरणाऱ्यांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते, तिथे शेवटी फॉल्स लिहावंच लागतं. डॉलरची चिन्हंही गाळू नका. ती नसतील तर सूत्र खाली ओढताना शोधायचा पट्टाही एकेक ओळ खाली सरकतो आणि यादीच्या वरच्या ओळी सापडेनाशा होतात.

उत्तरात आकडा आला तर सभासद दोन्हींत आहे. हॅश एन ए आलं तर तो नव्या यादीत नाही. एच रकान्याला फिल्टर लावून हॅश एन ए तेवढे निवडा: ही कमी झालेल्यांची यादी. आपल्या उदाहरणात पाच. आता ‘नवी’ शीटवर हेच सूत्र उलट लावा, ‘जुनी’त शोधा. तिथे हॅश एन ए आलेले ते वाढलेले, अकरा. दोन्ही बाजूंनी शोधणं अनेकजण टाळतात, आणि मग फक्त कमी झालेले कळतात.

राहिले ते दोन्हींत असलेले सभासद. त्यांच्या नोंदींत काय बदललं ते पाहायला ‘जुनी’ शीटवर आय२ मध्ये:

=इफ(आयएसएनए($एच२),"",इफ(बी२=इंडेक्स('नवी'!बी$२:बी$८००,$एच२),"",बी२&" → "&इंडेक्स('नवी'!बी$२:बी$८००,$एच२)))

हे सूत्र उजवीकडे एम पर्यंत ओढलं की नाव, गाव, शेअर, तारीख, सर्व्हे नंबर असे पाचही रकाने तपासले जातात, कारण बी चं आपोआप सी, डी, ई, एफ होतं. एच पुढे डॉलर असल्यामुळे तो जागेवर राहतो. मग खाली ओढा. जिथे काही बदललं नाही तिथे सेल रिकामा, जिथे बदललं तिथे ‘१००० → १५००’ असं जुनं आणि नवं एकत्र. नुसतं ‘फरक आहे’ असं दाखवणाऱ्या सूत्रापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण पुन्हा दोन्ही शीट उघडाव्या लागत नाहीत.

इथे तीन गोष्टी ध्यानात असू द्या. रिकामा सेल आणि ० हे एक्सेलला समान वाटतात. शेअर रक्कम शून्य असणं आणि नोंदच नसणं यांत हिशोबात मोठा फरक आहे, म्हणून रकमेच्या रकान्यावर लेनची तुलनाही लावा: रिकाम्याचं लेन ०, शून्याचं १. दुसरं, व्याज किंवा लाभांशासारख्या सूत्राने काढलेल्या रकमा पैशाच्याही लहान भागात वेगळ्या असतात आणि उगाच फरक दाखवतात. दोन्हींना राउंड(…,२) लावा. तिसरं, इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक बरोबरच्या चिन्हाला कळत नाही. तो हवा असेल तर एक्झॅक्ट फंक्शन वापरा, पण सभासद यादीत त्याची गरज क्वचितच पडते.

नाव आणि गावाच्या रकान्यांत शेकडो फरक निघतील, बहुतेक लिहिण्याच्या पद्धतीचे. त्यांना एकदम भिडू नका. आधी रक्कम, मग तारीख, मग सर्व्हे नंबर, शेवटी नावं. गावांसाठी एक छोटी तक्ता शीट करून ठेवा: डावीकडे आढळलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे तुमच्या सोसायटीने ठरवलेलं एकच रूप. व्हीलुकअपने आधी गाव त्या एका रूपात आणलं की निम्मे खोटे फरक गळून पडतात, आणि हा तक्ता पुढच्या वर्षीही कामाला येतो.

बेरीज जुळते का?

काम पूर्ण झालं हे दोन हिशोबांवरून कळतं. पहिला माणसांचा: ७१२ वजा ५ अधिक ११, बरोबर ७१८. दुसरा पैशांचा: ८,६४,५०० मधून कमी झालेल्या पाच जणांचे ६,००० वजा, वाढलेल्या अकरा जणांचे ११,००० अधिक, आणि दोन्हींत असलेल्यांच्या रकमांतला निव्वळ बदल ५०० वजा. उत्तर ८,६९,००० आलं पाहिजे, तेच नव्या यादीचं भांडवल.

निव्वळ बदलासाठी एका मोकळ्या रकान्यात नवी रक्कम वजा जुनी रक्कम काढा, वर दिलेल्या इंडेक्सनेच, आणि त्याची बेरीज घ्या. हिशोब एका रुपयानेही चुकला तरी थांबा. बहुतेक वेळा एखादी दुबार नोंद, मजकूर म्हणून पडलेली रक्कम जिला सम हे फंक्शन बेरजेत धरत नाही, किंवा काढायची राहिलेली ‘एकूण’ ओळ निघते. मजकूर झालेली रक्कम सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसते, आकडा उजव्या कडेला.

सूत्रांशिवायचे मार्ग

यादी वीस-पंचवीस ओळींची असेल तर व्ह्यू मेनूतलं व्ह्यू साइड बाय साइड पुरे. दोन्ही खिडक्या एकत्र सरकतात. त्यापुढे ते उपयोगाचं नाही.

कंडिशनल फॉरमॅटिंगने ए२<>'नवी'!ए२ असं देऊन वेगळे सेल रंगवता येतात, पण ते ओळीला ओळ लावतं. वर एक सभासद वाढला की खालची सगळी यादी रंगते. दोन्ही याद्यांचा क्रम आणि संख्या तीच आहे याची खात्री असेल तेव्हाच वापरा.

मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट कंपेअर नावाचं वेगळं साधन ऑफिसच्या प्रोफेशनल प्लस आवृत्त्यांबरोबर येतं, घरगुती आवृत्त्यांत नसतं. तेही ओळींच्या जागेवर बरंच अवलंबून असल्याने आधी दोन्ही याद्या खुणेनुसार सॉर्ट करा. फुकटच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एडिट मेनूत ट्रॅक चेंजेस खाली कंपेअर डॉक्युमेंट आहे, सूत्रं बदलली का ते पाहायला बरं.

दर महिन्याला हेच काम करायचं असेल तर पॉवर क्वेरी शिकून घ्या. एक्सेल २०१६ पासून ते डेटा मेनूतच असतं. दोन्ही याद्या त्यात आणा, मर्ज क्वेरीज निवडा, दोन्हीकडचा खुणेचा रकाना दाखवा आणि जोडणीचा प्रकार लेफ्ट अँटी घ्या: पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत असे सभासद मिळतात. राइट अँटीने उलट. पुढच्या महिन्यात नव्या फाईली त्याच जागी त्याच नावाने ठेवून रिफ्रेश दाबलं की झालं. फक्त यादी आणताच ते स्वतःहून चेंज्ड टाइप अशी पायरी घालतं आणि ०२१४ चं २१४ करतं. ती पायरी खोडून क्रमांकांचे रकाने टेक्स्ट करा. पॉवर क्वेरी लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही वेगळी धरतं, एक्सेलच्या सूत्रांसारखं सोडून देत नाही.

गुगल शीट्समध्ये वरची सगळी सूत्रं चालतात. दुसऱ्या फाईलमधली यादी आणायला इम्पोर्टरेंज लागतं आणि पहिल्या वेळी अलाव ॲक्सेस दाबावं लागतं, नाहीतर संदर्भाची चूक दाखवत राहतं.

‘दोन फाईली टाका, फरक मिळवा’ असं सांगणाऱ्या संकेतस्थळांवर सभासद यादी कधीही चढवू नका. तिच्यात लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, जमिनीचे तपशील असतात, आणि ते विश्वासाने आपल्याकडे दिलेले असतात.

सापडलेले फरक ‘फरक’ नावाच्या वेगळ्या शीटवर घ्या. कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज निवडा, म्हणजे सूत्रं न येता नुसती उत्तरं येतील आणि मागच्या शीट बदलल्या तरी हलणार नाहीत. सभासद क्रमांक, नाव, कोणत्या रकान्यात फरक, जुनी नोंद, नवी नोंद, कोणत्या कागदावरून खात्री केली, कोणती नोंद बरोबर आणि कुणी तपासलं, असे आठ रकाने करा. बरोबर कोणतं हे एक्सेल सांगत नाही. शेअरसाठी पावती आणि लेजर, क्षेत्रासाठी उतारा, नावासाठी प्रवेश अर्ज पाहून शेवटचे तीन रकाने हाताने भरायचे, आणि ते भरून होईपर्यंत दोन्हींपैकी एकाही मूळ यादीत दुरुस्ती करायची नाही.